सात नंबर दसऱ्याला उठला

माझा धंदा नेटवर्कचा. वायर आहे तर सिग्नल आहे, वायर नाही तर काहीच नाही... माझा देवधर्म एवढाच. या फोरमवरचे भुताखेतांचे धागे मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचो आणि मनातल्या मनात हसायचो. तरी आज लिहायला बसलोय, कारण गेल्या दसऱ्यापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

जालन्याहून बदनापूरकडे जाताना एका बियाणे कंपनीची प्रयोगशाळा लागते. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. सकाळी लोक यायच्या आत सगळे चालू असावेत म्हणून मी जालन्यातल्या घरून तिथल्या राऊटरला सांगतो, आणि तो नेटवर्कमधून हाक मारून बंद कॉम्प्युटर जागे करतो. जागा झालेला प्रत्येक जण मला मेसेज पाठवतो. मजकूर मीच गमतीत लिहिलेला — ‘उठलो साहेब’, आणि पुढे त्याचा नंबर.

सगळे उठायचे. सात नंबर तेवढा नाही! बायोसची सेटिंग तपासली, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, केबल बदलली, शेवटी वैतागून लॅन कार्डच नवं टाकलं. बटण दाबलं की शहाण्यासारखा चालू, मी हाक मारली की ढिम्म. माझी पार झोप उडाली होती.

आणि नेमका हाच महत्त्वाचा. त्याला उगवण चेंबर जोडलेलं, म्हणजे ठरलेल्या तापमानात बी रुजवायचं कपाट. सात नंबरच्या मेसेजमध्ये चेंबरचं तापमानही यावं अशी सोय मी करून ठेवली होती. चेंबरमध्ये तिथल्या संशोधक वाघमारे मॅडमची तूर होती. मर रोगात सगळं शेत वाळलं तरी टिकलेल्या थोड्याशा झाडांचं मूठभर बी. चार वर्षांची मेहनत, आणि दुसरं बी कुठेच शिल्लक नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की मेन स्विच खाली करतात. दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत यंत्राला विश्रांती. चेंबरची लाईन वेगळी, ती चालू राहते. बाकी कॉम्प्युटर, राऊटर, सगळं बंद. त्या दिवशी सात नंबरला हळदीकुंकू लावताना मी म्हणालो, बाबा, आता तरी ऐक माझं. मॅडम हसल्या, चेंबर बघून आल्या, पंचवीस अंश बराबर होतं, आणि आम्ही घरी गेलो.

दसऱ्याला दुपारी श्रीखंड-पुरीवर ताव मारत होतो तेव्हा फोन वाजला. ‘उठलो साहेब. सात नंबर. तापमान ४३.’

मला वाटलं, मॅडमना राहवलं नाही, जाऊन बटण दाबलं. फोन केला तर त्या जालन्यातच, घरी.

"मेन तर बंद आहे ना रे?" त्या म्हणाल्या. मी मेसेज वाचून दाखवला. मग त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

वाटेत मॅडमना घेतलं. गेटवर पहारेकरी गणपतमामा बसलेले. त्यांना विचारलं, आत कोण आलं होतं?

"मेन म्याच खाली केलाय काल. तवापासून कुत्रं बी आत गेलं न्हाई."

खरंच होतं. स्विच खाली, त्यावर मामांनी घातलेला झेंडूचा हार जसाच्या तसा. सात नंबरला हात लावला... गार. पण चेंबरच्या काट्यावर त्रेचाळीसच्याही वर! हीटर चालूच अडकून बसला होता. मॅडमनी ट्रे ओढून बाहेर काढले, मामांच्या माठातलं पाणी शिंपडलं, माझा नवा शर्ट भिजवून वर अंथरला. कडेचे कोंब करपले होते. मधले पांढरे, ताजे होते. मॅडम तिथेच फरशीवर बसून रडल्या.

"अजून तासभर गेला असता तर शिजलं असतं सगळं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी डोकं खाजवून खाजवून थकलो. यूपीएस? नव्हताच. आदल्या दिवशीचा अडकलेला मेसेज? आदल्या दिवशी तापमान पंचवीस होतं. बरं, कॉम्प्युटर कसातरी उठला असं धरलं, तरी राऊटर बंद असताना मेसेज बाहेर पडला कुठून? मित्रांना विचारलं तर ते म्हणतात, तूच काहीतरी गडबड केली असशील. केली असेन, पण कुठली? मेसेज अजून फोनमध्ये आहे.

ती तूर यंदा शेतात आहे, कमरेएवढी झाली आहे. सात नंबर बदलायचा विषय निघाला की मॅडम तो कानाआड करतात. येत्या खंडेनवमीला मेन खाली करू की नको, असं मामा आत्तापासून विचारतायत.

आज सकाळीही मी सगळ्यांना हाक मारली. सगळे उठले, सात नंबर सोडून. पूर्वी याचा मला संताप यायचा. आता दर सकाळी फोन हातात धरून वाट बघतो, आणि तो उठला नाही की मगच चहा घशाखाली उतरतो.