पंख्याचं बटण

"आक्का, पंखा जरा वाढव गं." माझ्या धाकट्या भावाचं, मायाप्पाचं, हे शेवटचं बोलणं. मी कराडहून जतजवळच्या आमच्या गावी माहेरपणाला आले होते. तो जेवून आडवा झाला, मी पंखा वाढवला आणि भांडी घासायला मागं गेले. परत आले तोवर सगळं संपलं होतं... गावातल्या डॉक्टरांनी मान हलवली आणि आईनं जो टाहो फोडला, तो अजून माझ्या कानांतून जात नाही.

मायाप्पा कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा, सुट्टीला गावी यायचा. शेजारच्या मशीनवरच्या रज्जाकच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला, बुबुळावर पांढरा डाग पडला, त्या डोळ्यानं दिसेना. पुढं कुणा मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्याला बसवला. काही महिन्यांनी सांगलीच्या स्टँडवर रज्जाकनं चांगला डोळा हातानं झाकला आणि लांबून पाटी वाचली, "जत! गड्या, तुजी गाडी आली रं!" मायाप्पानं मला त्याच गाडीतून फोन केला. "आक्का, मी बी डोळं देनार." मी म्हणाले, "तोंड आवर मेल्या, पोरं ल्हान हाईत तुजी."

पण तो ऐकतोय कसला! पुढच्या भेटीत मला समोर बसवून सगळं सांगितलं. किडनी, काळीज द्यायचं तर माणूस दवाखान्यात, श्वासाच्या मशीनवर असताना मेंदू मेला असं डॉक्टरांनी ठरवावं लागतं. घरी वारलेल्याचे डोळे मात्र घेता येतात, तेही काही तासांतच. चेहरा बिघडत नाही. आणि शेवटी घरच्यांनीच हो म्हणावं लागतं. "शेवंता रडत बसंल, आईला तर इचारायलाच नगं. तू लय भांडकुदळ हाईस, आक्का. तुलाच जमंल." नेत्रपेढीचा नंबर त्यानं स्वतः माझ्या फोनात घातला. मी हसले होते हो!

त्या दुपारी तोच नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा, वाऱ्यानं डोळे सुकतात. सांगलीहून गाडी निघते आहे. शेवंता, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्येंनी सांगितलंय न्हवं? मग द्या." मी पंखा बंद केला.

उन्हाळ्यातली जतची दुपार, वर पत्रा, खोलीत माणसं मावेनात. येणारा प्रत्येक जण बटणाकडं हात करी आणि मी तो झटकी. शेवटी बटणाला पाठ लावूनच उभी राहिले. चुलते चिडले. "आगं, उन्हं कलायच्या आत माती उरकू दे. भावाचं डोळं काडून देतीस व्हय?" मी म्हणाले, "गाडी येईस्तवर कुनी हात लावायचा न्हाई." त्यांच्याशी भांडणं सोपं होतं, पण आईपुढं काय करू? ती माझा पदर ओढत होती. "पंखा लाव गं. त्येनं मागितला हुता. माज्या लेकराला लय उकडतंय..." कापसाचं पाणी त्याच्या गालावर ओघळलं होतं, तिला तो घाम वाटला. ती पुसत राहिली. मलाही वाटत होतं, लावावा. एकदा लावावा...

डॉक्टर आले, दार लोटून काम करून गेले. चेहरा होता तसाच, झोपल्यासारखा. आता लोक म्हणतात, मायाप्पा दुसऱ्यांच्या डोळ्यांत जगतोय. ज्यांना डोळे मिळाले त्यांना देव उदंड बघू देवो. पण माझा भाऊ मेला. मला त्यात दिलासा सापडत नाही, आणि सापडल्याचं सोंग मला जमत नाही. तरी माझ्या डोळ्यांचंही मी लेकीला सांगून ठेवलंय. पंख्याचंसुद्धा.

परवा पुन्हा गावी गेले. आई त्याच खोलीत, त्याच जागी निजते. घामानं निथळत होती. मी बटणाकडं हात नेला तशी ताडकन उठून बसली. "नगं! डोळं सुकतील त्येचं."

"आई, डोळं कवाच न्हेलं गं..."

"व्हय, ठावं हाय मला," ती म्हणाली आणि परत आडवी झाली. "तरी नगं."

मी हात खाली घेतला आणि तिच्या शेजारी तशीच घामात पडून राहिले.