मारुतीभाऊंची हिरवी वायर

नव्या वायरचं बंडल हातात आलं की मारुतीभाऊ वायरमन आधी काडी पेटवायचे. वायरचं टोक ज्योतीत धरायचे, काडी बाजूला घ्यायचे आणि वायरवरची आग आपोआप विझते का ते बघायचे. विझली नाही तर बंडल दुकानात परत. "भिंतीत एकदा गेली की आपल्या हातात काय ऱ्हातंय?" म्हणायचे. वायरची जाडीही ठरलेली: दिव्यांना दीड एमएमची, प्लगला अडीचची, गिझरला चारची. यात घरमालकाने तोंड घातलेलं त्यांना खपत नसे.

कळंबला माझं घर बांधताना मी नेमकं ते घातलं. वास्तुशांती दुसऱ्या दिवसावर आलेली, स्वयंपाकघरातला एकच प्लग उरला असताना करंटची लाल वायर संपली आणि जवळच्या मंचरची दुकानं बंद.

"हिरवी आहे ना? तीच ओढा. भिंतीच्या आत कोण बघतंय?" मी म्हणालो.

"सर, हिरवी अर्थिंगची. तिच्यात करंट नसतो, या भरवशावर मानूस हात घालतो."

मी हट्टाला पेटलो होतो. त्यांनी गुमान ओढली, पण दुसऱ्या दिवशी जेवायला आले नाहीत. पुढे दोनतीनदा त्यांनी ती बदलायचं काढलं. "चालतंय ना, राहू द्या," म्हणून मीच टाळलं.

दोन वर्षांनी एका सकाळी ते दारात उभे. चेहरा उतरलेला, पिशवीत लाल वायर.

"उद्या छातीचं आपरेशन हाय, सर. मेन बंद करा."

हिरवीच्या टोकाला लाल बांधून त्यांनी ती पाइपातून ओढून घेतली. मधेच धाप लागून दोनदा खाली बसले. "मी हाय तवर मला ठाव हाय. मागनं बोर्ड उघडनाऱ्याला कोन सांगनार?" मी मान खाली घालून चहा पुढे केला.

मारुतीभाऊ दवाखान्यातून परत आले नाहीत.

परवा इन्व्हर्टरसाठी अवसरीचा वायरमन आला. त्याने नेमका स्वयंपाकघरातला तोच बोर्ड उघडला.

"थांबा, मेन बंद करतो," मी म्हणालो.

"कशाला सर? हिरवी तर हाय," म्हणत त्याने अर्थिंगची वायर उघड्या बोटांनी बाजूला सारली. काहीच झालं नाही. तो गुणगुणत काम करत राहिला.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. त्या दिवशी मी मारुतीभाऊंना नुसता चहा दिला होता. चुकलो, एवढंसुद्धा म्हणालो नव्हतो.