हमीपत्राचं तिसरं कलम

निवृत्तीनंतर बायका देवधर्माला लागतात, मी युकुलेले घेतलं. गिटारीसारखं दिसणारं, पण काखेत मावणारं हे चार तारांचं वाद्य आमच्या मसुरे गावात माझ्याआधी कोणी वाजवलेलं नव्हतं. माझ्या यजमानांच्या मते अजूनही कोणी वाजवलेलं नाही. मी सरावाला बसले की ते पडवीतून विचारतात, "गिटारीचा पोर परत रडाक लागला काय गो?"

हे युकुलेले देवबागच्या एका सुताराने हाताने बनवलेलं. होड्या दुरुस्त करता करता उरलेल्या फणसाच्या फळ्यांतून तो वाद्यं घडवायला लागला. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, बोलायला कमी आणि कामाला हळवा. माझं वाद्य माझ्या हातात देताना त्याने ते दोनदा परत घेऊन पुसलं. मग चाचरत म्हणाला, "काकी, आता लांबची गिऱ्हायकां येतत. माका एक हमीपत्र लिवन देवा. तुमका हापिसातला सगळा म्हायत."

मला तेवढंच हवं होतं. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासण्यात गेली, आणि तपासण्यात म्हणजे परत पाठवण्यात. घरी कोणी माझं काही वाचत नाही. इथे एक माणूस आपणहून मसुदा मागत होता. मी बसल्या बैठकीला पाच कलमं लिहिली. वर्षभरात सांधा सुटला, तर दुरुस्ती फुकट. तिसरं कलम माझं विशेष लाडकं होतं: 'वाद्य थेट उन्हात ठेवल्यास हमी रद्द समजण्यात येईल.'

"इतक्या कडक कित्याक?" त्याने विचारलं.

"लोक कशे खोटा बोलतत, तुका म्हायत नाय रे," मी म्हटलं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मे महिन्यात आमच्याकडे पावसाच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू उन्हात पडते. उशा, पापड, सुकी मासळी, लोणच्याच्या बरण्या. त्या दिवशी मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोकमाची सोलं वाळत घातली होती. युकुलेलेला कपाटातला कुबट वास येतोय असं वाटलं, म्हणून तेही सोलांच्या शेजारी चटईवर ठेवलं. तिसरं कलम मला आठवलं नाही असं लिहायला आवडलं असतं. आठवलं होतं. पण ते कलम गिऱ्हाइकांसाठी होतं, आणि मी तर ते लिहिणारी.

जेवून आडवी झाले तेव्हा खळ्यात टणकन आवाज आला. मला वाटलं, पत्र्यावर नारळ पडला. म्हणून कूस बदलून आणखी तासभर झोपले. उठून पाहते तर घोडी, म्हणजे तारा जिच्यात अडकवतात ती लाकडी पट्टी, मुळापासून उखडून तारांना लोंबकळत होती. बाजूला कोकमाचा एक जांभळट डागही पडला होता. तो मी ओल्या फडक्याने पुसून काढला. असे पुसलेले डाग मी नोकरीत कागदावर शेकड्याने पकडले होते, त्यामुळे कसं पुसायचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वाद्य आणि हमीपत्र घेऊन देवबागला गेले. "ही घोडी कशी सुटली, काकी?" त्याने विचारलं. खरं सांगायची मला लाज वाटली. ज्या बाईने कलम लिहिलं, तिनेच ते सोलांबरोबर वाळत घातलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि खोटं बोलताना माझ्या तोंडून मालवणी निघेना. मी कचेरीतल्या मराठीत म्हटलं, "याची मला कल्पना नाही. वाद्याचा वापर योग्य प्रकारे करण्यात आला होता."

यजमान सोबत नव्हते म्हणून बरं. त्यांना हसू आवरलं नसतं.

तो मात्र हसला नाही. घोडीची खालची बाजू त्याने कितीतरी वेळ अंगठ्याने चाचपली. "तुमी सांगतास म्हणजे तसाच आसतला," तो म्हणाला. "मगे माझोच सरस चुकलो." सरस म्हणजे सुतार शिजवून लावतात तो चिकट रस. त्याच्या चुकीवर सगळं निभावलं म्हणून, खरं सांगते, मला हायसं वाटलं. येताना मी बाजारातून मोरी मासा घेतला आणि रात्री चवीने जेवले.

आठ दिवसांनी माझं युकुलेले आणायला गेले. ते तयार होतं, घोडी बसलेली, अंग पुसलेलं. पण त्याच्यामागे फळीवर आणखी पाच ओळीने मांडलेली होती आणि त्या पाचांनाही घोडी नव्हती.

"गोव्याच्या एका वर्गाक द्यायची होती ही," तो म्हणाला. ही त्याची पहिली मोठी ऑर्डर, असं त्याने मला मागे सांगितलं होतं. "तुमची सुटली म्हणान सगळ्यांची काढलंय. त्याच सरसान लावलेली होती. पोरांच्या हातात सुटली तर?" त्या लोकांना त्याने उशीर होईल म्हणून कळवलंही होतं. कशामुळे उशीर, तेही कळवलं होतं.

पाचव्या वाद्यावर घोडीबरोबर वरच्या फळीचा टवका निघून आला होता. खाली फणसाचं पिवळंधमक लाकूड उघडं पडलं होतं. मी त्या उघड्या लाकडावर बोट ठेवलं. हमी मागताना मला वाटलं होतं, फार तर त्याचा एक दिवस जाईल. त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच मी काढून घेतला होता.

"मीच उन्हात घातलंय रे," मी म्हटलं. "सोलांवांगडा. तुझो सरस नाय चुकलो. मी खोटा बोललंय."

मी शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. तो त्या उघड्या लाकडाकडे बघत होता.

"तरीच," तो हळू म्हणाला. "गरम सुरी घालून ओढलंय, तरी एक पण सुटाक तयार नाय होती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझो सरस बरो होतो?"

"बरो होतो रे."

"नक्की मां, काकी?"

त्याला एकदा सांगून पटत नव्हतं, म्हणून मी कागद मागितला आणि या वेळी मालवणीत लिहून दिलं: सरस बरो होतो.