टॅगवर नाव कोणाचं

"मॅडम, माह्या प्लॉटमधे मी न केलेले क्रॉस हायेत."

सारिका माझ्या केबिनच्या दारात उभी होती. हातात टॅग, चेहरा पांढराफटक. साखरखेर्ड्याची पोर, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तापानं चार दिवस घरी होती, त्याच सकाळी परतली होती.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात कापसाच्या ब्रीडिंगचं काम पाहायची. क्रॉस म्हणजे दोन वाणांचं लग्न समजा. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी सोलायची, पुंकेसर काढायचे, वर कागदी टोपी चढवायची. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे अन् दोऱ्यानं टॅग बांधायचा. टॅगवर तारीख अन् करणाऱ्याचं नाव, तेही पेन्सिलनं, कारण शाई पावसात जाते. हात बदलला की बोंड धरण्याचं प्रमाण बदलतं, म्हणून नाव लागतंच.

या टॅगांवर नाव सारिकाचं होतं. तारखा तिच्या रजेच्या. रजेच्या अर्जावर सही माझीच.

दोऱ्याला दोन गाठी दिसल्या अन् मी समजले. आमच्याकडे सगळे एकच गाठ मारतात. दोन मारायचा फक्त नीलेश. हाही माझाच विद्यार्थी, नांदुऱ्याचा, शेजारच्या प्लॉटवर काम करणारा. त्याला बोलावलं.

"काऊन रे, सारिकाच्या प्लॉटमधे गेला होतास?"

"नाव तिचंच लिहिलं मॅडम, माह्यं नाई!"

चोराच्या मनात चांदणं. मी नावाचं विचारलंच नव्हतं.

"कोनं सांगतलं होतं बे तुले?" सारिका कडाडली.

"फुलं वाया जाऊन राह्यली होती. तुह्या बाबानं यंदाचंच वर्ष देलं ना तुले."

खरं होतं ते. यंदा थीसिस झाला नाही तर शिक्षण बंद, स्थळं पाहणार, असं तिच्या वडलांनी मलाच फोनवर सांगितलं होतं.

"मले फूल देलं असतं तं घेतलं असतं एखांद्या वेळी," ती म्हणाली. "डेटा काऊन देला?"

अरे बाप्पा! नीलेश कानापर्यंत लाल झाला. मला हसू येत होतं अन् रागही.

हेड साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बोंडं धरली ना? मग जाऊ द्या. टॅग कोण वाचतं?"

"मी वाचते सर."

"पोरीचं वर्ष जाईल, मॅडम."

"जाईल," मी म्हटलं खरं, पण ही पोर मला लेकीसारखी होती.

परत आले तर सारिका कात्री घेऊन प्लॉटमधे. त्या टॅगांची बोंडं एकेक करून कापत होती. बोरापेक्षा लहान, हिरवीगार. कापत होती अन् रडत होती. मी थांबवलं नाही, वहीत नोंद करत उभी राहिले.

फुलं अजून दहा-बारा दिवस येणार होती. पण एकटीचे हात पुरेनात. मजूर बाया सोयाबीन सोंगायला गेलेल्या. नीलेश रोज बांधावर येऊन उभा राहायचा.

"हात नको लावू माह्या झाडाले," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी तिनंच त्याच्यापुढे पेन्सिल धरली.

"टॅगवर तुह्यं नाव लिहिजो."

"हाव."

"अन् गाठ एकच मारजो."

"दोनच मारतो. सुटत नाई."

तिनं टॅगांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला.

बोंडं पुरली, जेमतेम का होईना. थीसिसच्या तक्त्यात तिनं एक रकाना वाढवला, क्रॉस कोणी केला त्याचा. सोबत चार दिवसांचा खाडा अन् कापलेली बोंडं, सगळं लिहून टाकलं. गंमत म्हणजे नीलेशच्या हातचं बोंड तिच्यापेक्षा जास्त धरलं होतं. तेही तिनं तसंच छापलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा दुसरा माणूस कोण? याचा निकाल तुमच्याहून चांगला कसा?"

"त्याचा हात हलका आहे, सर," सारिका म्हणाली. "माझा होणारा नवरा आहे. पण आकडे तपासून घ्या."

सरांनी खरंच तपासले. बरोबर निघाले. डिग्री मिळाली, अन् साखरखेर्ड्याला लग्नात मी वरपक्षाकडून जेवले की वधूपक्षाकडून, ते आजही ठरलेलं नाही.

नव्या मुलांना मी एवढंच सांगते. मदत जरूर करा, पण टॅगवर स्वतःचं नाव लिहा. प्रेम केलं असेल तर त्याचीही नोंद होऊ द्या.