वयाचा रकाना

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं त्या सुमाराला मी माधवगंजच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. खाती एकमेकांत मिसळत होती, पाट्या बदलत होत्या, आणि नव्या प्रांताच्या फिरत्या राजधानीबरोबर आमचे कागद अर्धं वर्ष ग्वाल्हेरात तर अर्धं वर्ष इंदूरला मुक्कामाला असत. अशातच वरून हुकूम आला की आपल्या भागातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाची नोंद करा: वय, आजार, घरी बघणारं कोण. त्यावरून डॉक्टरने म्हाताऱ्यांना घरी जाऊन तपासायचं की नाही ते ठरणार होतं. मला कल्पना मनापासून आवडली. जिना उतरू न शकणारी कितीतरी माणसं मला माहीत होती.

वही घेऊन निघालो, तर पहिल्या गल्लीत साठीपुढचं कोणी सापडेचना. पणतू मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनी चोपन्न सांगितलं. रिसाल्यातले जुने सुभेदार, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणे, त्यांनी अठ्ठावन्न सांगून मिशीवरून हात फिरवला. त्यांचा मुलगा पन्नाशीचा. मी तसं म्हटलं, तर म्हणाले की पूर्वी लग्नं फार लवकर होत.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. माझ्या कंपाउंडरने नई सडकेवर पानाच्या दुकानात मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "अब सरकार बुजुर्गों का इंतजाम करेगी." आमच्या म्हाताऱ्यांनी इंतजाम म्हणजे बंदोबस्त असं धरलं. यादीत नाव आलं की इंदूरकडच्या कुठल्याशा आश्रमात रवानगी. मी कंपाउंडरला फैलावर घेतलं, मग घरोघर जाऊन सगळ्यांची समजूत घातली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वय मात्र एकानेही बदललं नाही.

पंधरा दिवसांनी आबांची सून दवाखान्यात आली. उजवं मनगट दुखतंय, काही लेप द्या, म्हणाली. त्याच हातात भाजीने भरलेली पिशवी होती. मनगट कोणाचं, असं मी विचारलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तसाच तिच्याबरोबर निघालो. आबा कोट-पगडी घालून खुर्चीत ताठ बसले होते, उजवा हात शालीखाली. मोरीत पाय घसरून पडल्याला आठ दिवस झाले होते. हात दाखवा म्हटलं.

"आधी ती वही बाहेर ठेवा."

"वही आणलेलीच नाही, आबा."

"पिशवी दाखवा."

मी बॅग खाटेवर उपडी केली. नळी, बाटल्या, पट्ट्या, सगळं त्यांनी डाव्या हाताने चाचपून पाहिलं. मगच शाल बाजूला केली. मनगट काळंनिळं पडलं होतं आणि मोडलेलं हाड वाकडंच जुळायला लागलं होतं. आठ दिवस सांगायला काय झालं होतं, म्हणून माझा आवाज चढला.

"तुम्ही लिहून घेतलं असतं," ते म्हणाले. "मला या घरातून जायचं नाही, डॉक्टर."

मला त्यांचा राग आला, कंपाउंडरचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पाच वर्षं मी या माणसाची नाडी बघत होतो, आणि एक वही हातात घेतल्याबरोबर त्यांच्या लेखी मी सरकार झालो होतो.

फळ्या लावून हात बांधला, पण उशीर झालाच होता. मनगट वाकडं राहिलं. कोटाची बटणं सून लावून देई, तेव्हा आबा तोंड भिंतीकडे वळवत.

वही मी वयाचा रकाना कोरा ठेवून पाठवली. तो भरावा, या शेऱ्यासह ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा वैतागून ज्याने जे सांगितलं होतं ते वय लिहून टाकलं. यावेळी उत्तर चटकन आलं: आपल्या भागात वृद्ध जवळजवळ नाहीत, सबब घरभेटींची आवश्यकता दिसत नाही.

खुलासा लिहायला बसलो. तीन कागद फाडले आणि नाद सोडला. दर गुरुवारी दवाखाना बंद करून, हुकूम नसताना, सायकलवरून त्या गल्लीत जात राहिलो. दुखणं आपणहून कोणी सांगत नसे. प्रत्येकाचे हात, पाय, गुडघे मीच दाबून बघायचो, आणि आबा म्हणायचे की हल्ली तुम्ही फार वेळ लावता.