निळ्या माशाच्या अंगावरचे ठिपके

आमचं उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, हे मी लहानपणापासून ऐकतोय. जिल्हा काही आला नाही, टँकर मात्र आला, तोही आठवड्यातून एकदा. आणि त्याच दुष्काळात आमच्या बैठकीत समुद्र होता. म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी असताना घरात समुद्र पाळणारा शहाणा म्हणजे मी, कापडाचा दुकानदार.

टाकीत एकच मासा होता. नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. लकवा झाल्यापासून अप्पा, माझे वडील, दिवसभर त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसत. त्यांनी काचेला बोट टेकवलं की तो पळत यायचा. पोटच्या पोरानं इतकं ऐकलं नव्हतं. त्याला सोबत म्हणून मी हैदराबादहून एक निळा मासा आणला.

नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण टबच काय, पातेलीसुद्धा वापरायच्या पाण्यानं भरलेली. टब मागितला तर बायको म्हणाली, "लेकरं तांब्याभर पाण्यात अंग धुऊन राहिलीत, अन् तुमच्या पाहुण्याला टब?" तिचं काय चुकलं? निळा थेट टाकीत गेला.

लवकरच तो दगडाला अंग घासू लागला. धाप लागल्यासारखे कल्ले उडत होते. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. मी जाळी घेऊन धावलो, तर अप्पांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. आमचं लिंगायताचं घर. तिथं पांढरं दिसलं की पहिलं काय आठवणार?

"अरे, विभूती लावून आलाय त्यो! त्याला हात लावू नको."

"अप्पा, किडे हायत ते. नारंगीला बी लागतील."

"तुला समद्यात किडेच दिसतेत. गिऱ्हाइकाला तुझ्या दुकानातल्या कापडात दिसतेत तसे."

सगळे हसले. घरात लई दिवसांनी हसू आलं होतं, मी जाळी ठेवून दिली. सकाळी तर ठिपके गायब! अप्पा जिंकल्यासारखे बघत होते. किडे गळून तळाशी जातात, तिथं वाढतात आणि कैक पटींनी परततात, हे मी सांगत राहिलो. विभूतीपुढं माझं कोण ऐकतो?

काही दिवसांनी ठिपके परतले, ते नारंगीच्या अंगावर. अप्पांनी बोट टेकवलं, तो कोपऱ्यातून हलला नाही. बराच वेळ बोट तसंच ठेवून अप्पा म्हणाले, "माझ्या आंघोळीचं पाणी घे. टब भर."

आंघोळीशिवाय त्यांची पूजा नाही आणि पूजेशिवाय तोंडात घास नाही. लकवा झालेल्या बापाला उपाशी ठेवून मी टब भरला, मीठ कालवलं, औषध टाकलं, दोघांना त्यात सोडलं.

संध्याकाळी नारंगी कुशीवर तरंगला. निळा जगला. त्याच्याकडं कोणी बघितलंसुद्धा नाही.

"जेवता का, अप्पा?" बायकोनं हळूच विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "माझी खुर्ची दाराकडं फिरव. टँकर आला तर दिसंल तरी."