शनिवारचं रविवारी कळत नाही

मीनल गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. सकाळी स्क्रीनवर तिचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखी "बोल गं बाई, आज काय काढलंस?" म्हणाले, आणि पलीकडून तिच्या नणंदेचा, मुलुंडच्या विजूताईंचा आवाज आला. मेंदूत रक्तस्राव. बाथरूमपर्यंत चालत गेली, चक्कर आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता दीड महिना होईल. या दीड महिन्यात माझं चित्त एका जागी नाही. गॅसवर दूध ठेवते आणि उतू जाताना आठवतं. रडू येतं ते वेगळंच, पण त्याहून तगमग जास्त आहे. ती तगमग का, हे सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही दोघी घाटकोपरच्या एका विमा कार्यालयात शेजारच्या टेबलांवर बसायचो. मी घटस्फोटित, बोरिवलीत एकटी राहणारी. ती कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत नवऱ्याबरोबर, रवींद्रबरोबर राहायची. मी अघळपघळ, ती काटेकोर. तेव्हा दुसऱ्या लग्नाच्या साइटवर मला एक गृहस्थ भेटले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी यात लपवण्यासारखं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं. एका शनिवारी आम्ही एकत्र होतो आणि निरोध फाटला. माझी पाळी केव्हाच गेलेली, त्यामुळे ती भीती नव्हती. पण निघता निघता ते सहज बोलून गेले, की मागे एकदा डॉक्टरांनी त्यांना एचआयव्हीची तपासणी सांगितली होती. "केलीच नाही मी. आपल्याला कुठे काय होतंय?" म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

आमच्या उपनगरांतली माणसं कुठल्याही धास्तीवर एकच उतारा करतात, 'फुल बॉडी चेकअप'. माणूस घरी येऊन रक्त नेतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. रविवारी सकाळी मी तेच केलं, एचआयव्हीची तपासणी जोडून घेतली, आणि संध्याकाळी 'नॉन-रिॲक्टिव्ह', म्हणजे लागण नाही, असं वाचलं. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. सोमवारी कार्यालयाला सुट्टी होती. फाफडा-जिलेबी बांधून घेतली आणि मीनलच्या घरी थडकले. रवींद्र बाहेर गेला होता. झालेला प्रकार मी तिला हसत हसत सांगितला, वर रिपोर्टही दाखवला. तिने तो वाचला आणि तिचा चेहराच बदलला.

"रक्त कधी दिलंस?"

"काल."

"आणि हे झालं कधी?"

"परवा. सांगितलं ना."

"मग हा रिपोर्ट परवाबद्दल काही बोलतच नाहीये. तो तुझं त्याच्या आधीचं सांगतोय. शनिवारचं रविवारी कळत नाही गं, वेडे. रक्तात दिसायला कित्येक आठवडे जातात." मग ती घड्याळाकडे बघून उठलीच. "बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करायला लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. अजून वेळ आहे आपल्याकडे. जिलेबी राहू दे."

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून तीच पुढे. आत एका तरुण डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लग्न झालंय का?" मी काही बोलायच्या आत मीनल म्हणाली, "त्याने गोळी बदलते का डॉक्टर?" ते ओशाळून हसले. मग त्यांनी सरळ सांगितलं, एका वेळेच्या संबंधातून लागण होतेच असं नाही, पण होणारच नाही असंही कुणी लिहून देणार नाही. समोरच्याची तपासणी झालेली नाही, तेव्हा गोळ्या घेतलेल्या बऱ्या. महिनाभर रोज, अठ्ठावीस दिवस, एकही न चुकवता. त्यानंतर ठरावीक अंतराने पुन्हा रक्त तपासायचं, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत निरोध वापरून जोडीदाराला जपायचं. त्या गृहस्थांनाही तपासणी करायला सांगा, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी माझा नंबरच ब्लॉक केला. जोडीदाराला जपण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, तुला हे सगळं कसं गं माहीत? ती म्हणाली, "माझ्या रवीला आहे." लग्नानंतर काही वर्षांनी त्याला टीबी झाला, तेव्हाच्या तपासण्यांत निघालं होतं. तिला नव्हतं. लग्नाआधीचं प्रकरण होतं, त्याने सगळं सांगितलं. "खूप भांडलो. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण सोडून जायचं मनातच येईना, मग करणार काय?" रोजच्या गोळीने त्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दाबलेला होता, आणि तो तसा दाबलेला राहिला तर संबंधातूनही तिच्यापर्यंत येत नाही, हे तिनेच मला समजावलं. तरी वर्षातून एकदा ती स्वतःची तपासणी करून घ्यायची. हे तिच्या माहेरी ठाऊक नव्हतं, सासरीही नाही. आता मी इथे लिहिते आहे ते रवींद्रच्या परवानगीने. नावं तेवढी बदलली आहेत.

तो महिना माझा वाईट गेला. मळमळायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. जिभेवर चट्टा दिसला की वाटायचं, वाट लागली. इंटरनेटवर रोज नवा रोग सापडायचा. मध्येच दोनदा मी चोरून रक्त तपासून आले. मीनलला कळलं तेव्हा ती चिडली, "भाताचं झाकण सारखं काढून बघितलं तर तो लवकर शिजतो का? कच्चाच राहतो." शेवटच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. निगेटिव्ह. मी बाकावर बसून हमसून हमसून रडले. ती शेजारी बसून राहिली आणि मग म्हणाली, "चल, भूक लागलीये."

ती गेल्यावर मी घाटकोपरला जात राहिले. विजूताई तिथे राहायला आल्या होत्या. मायेची बाई, शिस्तीची. सुतकात रवींद्रला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हत्या. तो दुःखाने खंगल्यासारखा दिसायचा. तेराव्याला जेवणं झाल्यावर मी त्याला बाल्कनीत गाठलं आणि हळूच विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तो खाली बघत म्हणाला, "नाहीयेत."

मीनल त्याच्या गोळ्या स्वतःच्या कॅल्शियमच्या बाटलीत भरून स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर ठेवायची. आल्यागेल्याला वाटायचं, बाईची हाडं दुखत असतील. मीनल गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी विजूताईंनी, गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवू नयेत म्हणून, तिच्या सगळ्या गोळ्या टाकून दिल्या होत्या. आणि हा गप्प बसला होता. त्या माझ्या आहेत म्हणावं तर बहीण विचारणार, कसल्या? एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात जाऊन नव्या आणाव्यात तर सुतकात निघालास कुठे? माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ती गेलीच आहे, आता तूही जातोस का रे?" असं मी त्याला म्हणाले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एआरटी केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळ्या लगेच सुरू करून दिल्या आणि काही आठवड्यांनी रक्तातला विषाणू मोजायला बोलावलं. मधल्या काळात तो पुन्हा उसळला असेल का, औषधाला दाद देईनासा झाला असेल का, हे तेव्हा कळेल. गेल्या आठवड्यात रक्त दिलं आहे. रिपोर्ट अजून आलेला नाही.

केंद्रातून घरी आलो तेव्हा विजूताई स्वयंपाकघरात होत्या. रवींद्रने नवी बाटली पिशवीतून काढली आणि तशीच, लेबल न काढता, मसाल्याच्या फळीवर ठेवली.

"कसल्या रे गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"एचआयव्हीच्या. माझ्या आहेत." तो म्हणाला. "बरीच वर्षं झाली ताई. मीनल तिच्या बाटलीत ठेवायची."

विजूताई ओट्याला टेकल्या. कुकरची शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत. मला वाटलं, आता या पिशवी भरून मुलुंडला जातील. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे मी टाकल्या त्या..."

"हो."

त्यांनी पदराने डोळे टिपले, गॅस बंद केला आणि ती बाटली हातात घेऊन लेबल वाचायला लागल्या, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून. मग ती फळीवर होती तिथेच ठेवली आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"